डासांच्या अळ्या आणि सुगंधी तेले : कोल्हापूरने आधी आपल्या पाण्यात मोजून पाहावे

पावसाने जरा उघडीप दिली की कोल्हापुरात धुराची गाडी गल्लीबोळांतून फिरू लागते, वर्तमानपत्रांत डेंग्यूसदृश रुग्णांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक मागणीही पुढे येते. रासायनिक औषधे बंद करा आणि त्यांच्या जागी गवती चहा, निलगिरी, तुळस, लवंग अशा वनस्पतींची सुगंधी तेले डासांच्या अळ्यांवर वापरा, अशी ती मागणी असते. ती करणारी माणसे तळमळीची असतात आणि त्यांच्या म्हणण्याला आधारही आहे, कारण या तेलांनी अळ्या मरतात हे जगभरच्या प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. तरीही तेवढ्याच पुराव्यावर महापालिकेने आपली मोहीम उभी करू नये, असे माझे ठाम मत आहे. चंचुपात्रात अळी मरणे ही एक गोष्ट झाली, आणि शिवाजी पेठेतल्या एखाद्या घराच्या परड्यात ठेवलेल्या पिंपात डासांची पैदास थांबणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर शोधण्याची सोय मात्र या शहरात आहे, आणि ती वापरावी एवढ्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण प्रत्येक डासाचे पाणी वेगळे असते. जयंती नाल्यासारख्या सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक्स, जो संध्याकाळनंतर कानाशी गुणगुणत राहतो आणि हत्तीरोगाच्या जंतूंचा वाहक आहे. शहरी हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी विहिरीत आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत अंडी घालतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडीस इजिप्ती, ज्याच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात आणि जो दिवसा चावतो, तो घरातल्या आणि घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्याचा रहिवासी आहे. रंकाळ्यावर आणि पंचगंगेत जलपर्णी माजते, तशा पाण्यात मॅन्सोनिया जातीचे डास वाढू शकतात, आणि त्यांच्या अळ्या तर हवा घ्यायला पृष्ठभागावरही येत नाहीत. त्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच श्वास घेतात. वाहत्या नाल्यात, जिथे सेंद्रिय गाळ भरपूर असतो आणि पाणी थांबतच नाही, तिथे सुगंधी तेल ओतणे म्हणजे पैसे वाहत्या पाण्यात सोडणे होय. त्यामुळे या चर्चेतून नाले, ओढे आणि तळी आधीच बाजूला ठेवलेली बरी. उरतो तो एडीस आणि त्याची भांडी.

एडीसच्या अळ्या पाहायच्या असतील तर पिंपाचे झाकण हळूच काढावे. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडची आखूड श्वासनळी टेकवून त्या डोके खाली करून लटकलेल्या दिसतात. पिंपाच्या कडेला टिचकी मारली की सगळ्या एकदम वळवळत तळाकडे जातात आणि काही वेळाने हवेसाठी एकेक करून वर येतात. पाण्यातले सूक्ष्मजीव आणि कुजके कण खात, चार अवस्थांतून जात त्या साधारण आठवडाभरात कोषात जातात. कोष स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो, तो हलतो पण काही खात नाही. म्हणजे पोटातून भिनणारे कोणतेही विष त्याच्यावर चालत नाही. दोनेक दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. अंडी मात्र पाण्यात नसतात. मादी ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी महिनोन् महिने कोरडी राहूनही जिवंत असतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढले की फुटतात. भांडे नुसते ओतून उपयोग नाही, आतून घासले पाहिजे, असे आरोग्य सेवक सांगतात त्याचे कारण हे आहे. पाण्यात टाकलेले कोणतेही अळीनाशक, मग ते रासायनिक असो वा वनस्पतिजन्य, भिंतीवरच्या या अंड्यांचा बंदोबस्त करेल असे धरून चालता येत नाही.

अळीला लक्ष्य करण्याचे धोरण योग्यच आहे, कारण या अवस्थेत डास एका भांड्यात कोंडलेला असतो. उडू लागल्यावर तो कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांत, पलंगाखाली जाऊन बसतो आणि रस्त्यावरून सोडलेला धूर तिथवर क्वचितच पोहोचतो. धुरळणीने उडते डास काही काळ कमी होतात, पण पिंपातली पुढची पिढी दोन-चार दिवसांत बाहेर येते. धुराची गाडी फिरली की नागरिकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते आणि नगरसेवकांनाही ती फिरवावीशी वाटते, एवढेच तिचे खरे बळ आहे.

आज अळीसाठी आपल्याकडे तीन मुख्य साधने आहेत. पहिले टेमीफॉस, ज्याला बरेच जण अजून अ‍ॅबेट म्हणून ओळखतात. ते ऑर्गनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक असून लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत पिण्याच्या साठवणीच्या पाण्यातही वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली आहे. दुसरे गप्पी मासे, जे हौदात आणि विहिरीत उत्तम काम करतात, पण दररोज तांब्या बुडवल्या जाणाऱ्या पिंपात कोणी ठेवत नाही. तिसरे बीटीआय हा जिवाणू. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मरून पडलेल्या अळ्यांमधून सापडला. त्याचे विष अळीच्या आतड्यातच काम करते आणि माशांना किंवा माणसाला त्याचा त्रास होत नाही. यांपैकी टेमीफॉसला पर्याय हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. ब्राझील आणि थायलंडमध्ये एडीसमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे सिद्ध झाले आहे, आणि एकच रसायन वर्षानुवर्षे टाकत राहिले की कोणत्याही शहरात तेच होणार.

शिवाय लोकांना ते नको असते. कंटेनर सर्वेक्षणाच्या, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी तपासण्याच्या दिवसांत जुन्या पेठांतल्या दारांत होणारा संवाद बहुतेक असाच असतो. "नको हो दादा, ते औषध टाकलं की पाण्याला वास मारतो, पोरं पीत नाहीत." "मग वहिनी, निदान आज पिंप ओतून, घासून पालथं तरी घाला." "पाणी परवा येणार, आणि आज ओतून टाकू म्हणता होय?" या शेवटच्या प्रश्नाला आरोग्य सेवकाकडे उत्तर नसते, आणि खरे तर ते देण्याची जबाबदारीही त्याची नाही. त्याकडे पुढे येतोच.

आता तेलांविषयी. इथे सुगंधी तेल म्हणजे वनस्पतीच्या पानांतून, सालीतून, फुलांतून वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेले, उडून जाणारे तेल. घाण्यावर काढलेले कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल या वर्गात येत नाही, आणि गटारात ओतले जाणारे जळके ऑइल तर नाहीच. जळक्या ऑइलचा तवंग अळीची श्वासनळी बंद करून तिला गुदमरवतो. सुगंधी तेलाचे काम वेगळे आहे. गवती चहातले सिट्रल, लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, निलगिरीतले सिनिओल असे घटक अळीच्या शरीरात शिरून तिच्या मज्जासंस्थेत बिघाड करतात. त्यांतले काही ऑक्टोपामिन या कीटकांच्या संदेशवाहक रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि सस्तन प्राण्यांत त्याच्याशी जुळणारी यंत्रणा कीटकांसारखी नसल्याने ही तेले तुलनेने सौम्य ठरतात. काही घटक टेमीफॉस ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालते त्याच विकराला, पण पुष्कळ हलक्या हाताने, अडवतात. एका तेलात असे वीस-तीस घटक एकत्र असू शकतात. एकाच वेळी इतक्या बाजूंनी होणाऱ्या हल्ल्याविरुद्ध अळीला प्रतिकारशक्ती कमावणे अवघड जाईल, हा या तेलांच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, आणि तो मला पटतो.

मग अडते कुठे? प्रयोगशाळेतली चाचणी कशी होते ते पाहिले तर हे ध्यानात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार शंभर मिलिलिटर पाण्यात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेच्या पंचवीस अळ्या सोडतात, ठरावीक मात्रेत औषध घालतात आणि चोवीस तासांनी किती मेल्या ते मोजतात. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी अल्कोहोलमध्ये किंवा तशाच एखाद्या द्रावकात मिसळून घालावे लागते. निम्म्या अळ्या मारणारी मात्रा लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत आली की तेल प्रभावी मानण्याचा संशोधकांत प्रघात आहे. ही पद्धत चांगली आहे आणि तेलांची आपसांत तुलना करण्यासाठी ती हवीच. पण त्या भांड्यातले पाणी स्वच्छ असते, ते कोणी उपसत नाही, त्यात कोणी नवे पाणी ओतत नाही, त्यावर ऊन पडत नाही आणि प्रयोग एका दिवसात संपतो. पिंपाचे आयुष्य याच्या नेमके उलट असते. रोज निम्मे पाणी जाते, एकाआड एक दिवस नवे येते, आतल्या भिंतीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो आणि तो तेल धरून ठेवतो. प्लास्टिकचे पिंप तर स्वतःच लिंबूवर्गीय तेलातल्या लिमोनिनसारखे घटक शोषून घेते. प्लास्टिकच्या वेष्टनात फळांचा रस भरणाऱ्यांना ही अडचण चांगलीच ठाऊक आहे. जे उरते ते हवेत उडून जाते. उघड्या भांड्यात गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब सोडले तर आधी सारे घर दरवळते, पण दुसऱ्या दिवशी त्या वासाचा मागमूसही राहिलेला नसतो. वासाबरोबर औषधही गेलेले असते, कारण वास हेच औषध आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या तेलाची निम्म्या अळ्या मारणारी मात्रा लिटरला पन्नास मिलिग्रॅम आहे, म्हणजे तेल चांगल्यापैकी आहे. जवळजवळ सगळ्या अळ्या मारायच्या तर निदान दुप्पट, शंभर मिलिग्रॅम धरू. दोनशे लिटरच्या पिंपाला वीस ग्रॅम तेल लागेल. गवती चहाच्या ताज्या पातीतून वजनाच्या साधारण ०.३ ते ०.५ टक्के तेल निघते, ०.४ टक्के धरले तर वीस ग्रॅमसाठी पाच किलो पात लागली. टेमीफॉसचे एक टक्क्याचे वाळूचे दाणेही त्याच पिंपाला वीस ग्रॅमच पडतात, पण त्यांत प्रत्यक्ष औषध ०.२ ग्रॅम असते आणि ते काही आठवडे टिकते. तेल आठवड्यातून एकदा टाकून भागेल असे उदार मनाने गृहीत धरले, तरी दहा हजार पिंपांना आठवड्याला दोनशे किलो तेल आणि त्यासाठी पन्नास टन पात हवी. तेलाचा भाव किलोला हजार रुपये धरला तर आठवड्याला दोन लाख रुपये होतात, आणि त्यात ते पाण्यात मिसळावे म्हणून घालायचा पदार्थ, बाटल्या आणि घरोघरी जाणाऱ्यांचे वेतन आलेले नाही. हे आकडे अशक्य कोटीतले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. पण मागणी करणाऱ्यांनी आणि ती नाकारणाऱ्यांनीही ते एकदा कागदावर मांडायला हवेत, आणि तसे होताना मला दिसत नाही.

पैशापेक्षाही गंभीर प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि इथे मला कोणतीही तडजोड मान्य नाही. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज धोकादायक आहे. निलगिरीचे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. लवंगेचे तेल जास्त प्रमाणात पोटात जाऊन मुलांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तुळशीच्या काही वाणांच्या तेलात मिथाइल युजेनॉल भरपूर असते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून ते कर्करोगकारक असण्याची दाट शंका घेतली जाते. पिंपातल्या मात्रेने एका दिवसात असे काही होईल, असा माझा दावा नाही. पण तेल पाण्यात सारखे मिसळत नाही, ते बहुधा वर तरंगते, आणि वरच्याच पाण्यात पहिला तांब्या बुडतो. टेमीफॉसच्या वासाने जी वहिनी औषध नाकारते ती लिटरला शंभर मिलिग्रॅम सिट्रल घातलेले पाणी पोरांना पाजेल, ही अपेक्षाही चुकीची आहे. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यात सुगंधी तेल घालूच नये. ज्या हौदांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडले आहेत तिथेही ते जपूनच वापरावे लागेल, कारण यांतली काही तेले माशांनाही घातक ठरतात, आणि फुकट राबणारा मासा मारून विकतचे तेल ओतण्यात शहाणपण नाही.

आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे उत्साहाच्या भरात लक्ष जात नाही. तुळशीचे तेल किंवा निलगिरीचे तेल ही एकच ठरलेली वस्तू नव्हे. एकाच जातीच्या वनस्पतीचे तेल वाण, जमीन, ऋतू, कापणीची वेळ आणि ऊर्ध्वपातनाचा काळ यांप्रमाणे बदलते. एका वाणात युजेनॉल प्रमुख असते तर दुसऱ्यात ते नावापुरतेच सापडते. प्रत्येक खेपेचे पृथक्करण, म्हणजे तिच्यात कोणता घटक किती आहे याची तपासणी, झाल्याशिवाय कोणती मात्रा टाकायची हे सांगता येत नाही. मागे एका प्रयोगशाळेत एका तेलाने अळ्या मेल्या, म्हणून पुढच्या निविदेत त्याच नावाच्या लेबलाखाली आलेल्या बाटलीनेही मरतील, असे समजायला काहीच आधार नाही.

कायदाही हेच सांगतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली डास मारण्याचा दावा करून विकल्या जाणाऱ्या उत्पादनाला केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. हर्बल, ऑरगॅनिक, आयुर्वेदिक असे शब्द वेष्टनावर छापल्याने ही अट टळत नाही. बाजारात आणि प्रदर्शनांतून विकल्या जाणाऱ्या अशा बाटल्यांवर घटकांचे प्रमाण नसते, मात्रा नसते आणि परिणाम किती दिवस टिकतो हेही नसते. सार्वजनिक पैशाने त्या विकत घेऊ नयेत.

इतके सगळे म्हटल्यावर, मग ही तेले सोडूनच द्यावीत का? मुळीच नाही. त्यांची जागा मला दिसते, आणि ती पिंपाच्या बाहेर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले भंगाराचे ढीग, पंक्चरवाल्यांकडचे जुने टायर, बांधकामावर लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी, बंद पडलेली कारंजी, कुंड्यांखालच्या बशा, बंद घरांच्या परड्यात पडलेले हौद, या सगळ्यांत एडीस वाढतो आणि यांतले पाणी कोणी पीत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शहराच्या सखल भागात आणि नदीकाठच्या गावांत चिखलाने भरलेली भांडी, फुटके डबे आणि टायर किती दिवस तसेच पडून होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या जागांचे महत्त्व सांगायला नको. टायर घासता येत नाही आणि त्याचे पाणी पुरते ओतताही येत नाही. अशा ठिकाणी तेल हळूहळू सोडणारे साधन मिळाले तर ते खरोखर कामाचे ठरेल.

त्या दिशेने चाललेले काम मला फार आशादायक वाटते. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात टिकवणे, कायटोसानसारख्या नैसर्गिक पदार्थाच्या वेष्टनात ते कोंडणे, असे प्रयोग बऱ्याच ठिकाणी होत आहेत. त्यांत मला सर्वांत हुशारीची वाटते ती यीस्टची युक्ती. पावासाठी वापरतात त्या साध्या यीस्टच्या पेशींत संत्र्याच्या सालीचे किंवा तशाच दुसऱ्या वनस्पतीचे तेल भरायचे आणि ती भुकटी पाण्यात टाकायची. यीस्ट हे अळीचे आवडते खाद्य. ती पेशी गिळते, पेशी पोटात पचते आणि तेल नेमके हवे तिथे बाहेर पडते. पाण्यात तवंग येत नाही आणि तेल लगेच उडूनही जात नाही. अशी भुकटी करायला यीस्ट, तेल, पाणी आणि ऊब यांपलीकडे फारसे काही लागत नाही, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे सहज झेपेल.

कच्चा माल निवडतानाही डोके थंड ठेवले पाहिजे. सुगंधी उद्योगात ज्या तेलाला चांगला भाव आहे ते टायरमध्ये ओतणे शेतकऱ्यालाही परवडणार नाही आणि महापालिकेलाही. जे आज फेकले जाते किंवा नुकसानच करते त्याच्याकडे आधी पाहावे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात आणि रसवंत्यांच्या मागे पडणाऱ्या लिंबाच्या साली, छाटलेल्या निलगिरीचा पाला, अंबाबाईच्या देवळातून आणि दसऱ्यानंतर घराघरांतून निघणारा झेंडू, राधानगरी-आजऱ्याकडच्या माळांवर माजलेली घाणेरी आणि रानमोडी या सगळ्यांत अळीला मारणारे घटक सापडतात. यांतल्या काहींत तेलाचा उतारा इतका कमी असतो की ऊर्ध्वपातनाचे जळणच महाग पडेल. तशी वनस्पती लगेच बाद करावी. डोंगराकडच्या तालुक्यांत गव्यांच्या त्रासामुळे काही शेतकरी गवती चहाकडे वळू पाहतात, कारण जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यांना डासांच्या नावाने मोठ्या मागणीचे स्वप्न कोणी दाखवू नये. त्यांच्या तेलाचे खरे गिऱ्हाईक साबण आणि अत्तराच्या धंद्यातच आहे.

चाचणी कशी घ्यावी याविषयी माझी अपेक्षा नेमकी आहे. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तिन्ही विभाग आहेत, शहरात विज्ञान महाविद्यालये आहेत, आणि दारोदार जाणारे आरोग्य सेवक व आशाताई महापालिकेकडे आहेत. पहिल्या टप्प्यात विद्यापीठाच्या आवारात जाळीने झाकलेल्या टायरांत, बादल्यांत आणि पिंपांत शहरातून आणलेल्या एडीसच्या अळ्या सोडाव्यात. परदेशात वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत पाळलेल्या अळ्या नकोत, कोल्हापूरच्याच हव्यात. काही भांड्यांत तेल, काहींत यीस्टची भुकटी, काहींत बीटीआय, काहींत टेमीफॉस आणि काहींत काहीच नाही, अशी मांडणी करावी. काहीच न घातलेली भांडी जाळीबाहेर, लोकवस्तीत ठेवणे अनैतिक ठरेल, म्हणून जाळी आवश्यकच. दर आठवड्याला नव्या अळ्या सोडून मोजत राहावे, म्हणजे परिणाम नेमका कोणत्या दिवशी संपतो ते कळेल. आणि मेलेल्या अळ्यांपेक्षा बाहेर पडलेले डास मोजावेत, कारण ज्या आजारासाठी हा सगळा खटाटोप आहे तो उडणाऱ्या मादीकडून होतो. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्यातून टिकलेले एकच साधन दोन-तीन प्रभागांतल्या भंगाराच्या आणि टायरांच्या जागी वापरावे. तेलाचे पृथक्करण, मात्रा, खर्च आणि अपयशही लोकांसमोर मांडावे. आपल्याकडे यशाच्या बातम्या येतात आणि फसलेले प्रयोग कपाटात जातात, त्यामुळे दुसरे शहर तीच चूक नव्याने पैसे घालून करते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: चाचण्यांत दोन पावसाळे जातील, तोवर लोक तापाने फणफणत राहतील. पण चाचणी चालू असताना हात बांधून बसायला कोणी सांगितलेले नाही. जिथे पिण्याचे पाणी आहे तिथे बीटीआय आणि घट्ट झाकण, हौदात गप्पी मासे, आठवड्यातून एक कोरडा दिवस आणि त्या दिवशी आतून घासलेले पिंप, या गोष्टी आजही उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. एडीस फार लांब उडत नाही. बहुधा काहीशे मीटरच्या आतच राहतो. एखाद्या गल्लीने आपली सगळी भांडी सांभाळली तर त्या गल्लीला फरक जाणवतो.

आणि इथे त्या वहिनींच्या प्रश्नाकडे यावेच लागते. पिंप आहे कारण नळाला पाणी नेमाने येत नाही. काळम्मावाडी धरणावरून आलेल्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोहोचले तेव्हा शहराने किती वर्षांची वाट संपल्याचा आनंद साजरा केला, हे सर्वांना आठवते. पण पाणी पुईखडीला पोहोचणे आणि प्रत्येक गल्लीतल्या नळाला ते रोज, ठरल्या वेळी, पुरेशा दाबाने येणे यांत अंतर आहे. ते अंतर जितके मिटेल तितकी पिंपे कमी होतील, आणि पिंप गेले की त्यात काय टाकायचे हा वादही जाईल. डास निर्मूलनाच्या अंदाजपत्रकात वितरण नलिकांच्या दुरुस्तीचा खर्च कोणी धरत नाही. तो धरायला हवा, कारण आरोग्य विभाग आणि पाणीपुरवठा विभाग यांच्या बैठका वेगवेगळ्या होतात म्हणून डास काही वेगळे वागत नाहीत.

तेलांच्या चाचणीचा निर्णय मात्र पाण्याच्या प्रश्नासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही, कारण टायर आणि भंगार नळाला चोवीस तास पाणी आले तरी राहणारच आहेत. मे महिन्यातल्या पहिल्या वळवाने त्यांत पाणी साचते आणि उन्हाळाभर कोरडी राहिलेली अंडी तेव्हाच फुटू लागतात. म्हणून विद्यापीठ आणि महापालिका यांच्यातला करार हिवाळ्यातच व्हावा, आणि भांड्यांची यादी, तेलाच्या पहिल्या खेपेचे पृथक्करण आणि मोजणी करणाऱ्या मुलामुलींचे प्रशिक्षण एप्रिलअखेर पूर्ण झालेले असावे.